अडुसष्टचा बोअर

इंजिन उघडायचं उन्हाळ्यात आणि बांधायचं पावसाळ्यात, निदान पुण्यातल्या धायरीत तरी. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या हवेत कायम धूळ असते. नऱ्ह्याच्या बाजूनं येणारी, नव्या इमारतींच्या पायांतून उठणारी, सिंहगड रस्त्यानं डंपर गेला की बराच वेळ अधांतरी राहणारी पांढुरकी धूळ. खोलायच्या कामाला ती चालून जाते. काढलेला प्रत्येक भाग पुढे धुवायचाच असतो. पूर्वी रॉकेलनं धूत, आता डिझेलनं. बांधायची गोष्ट वेगळी. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाला जागा असते ती मिलिमीटरच्या पाचसहा शतांशांएवढी. तिथे वाळूचा एक कण गेला की सगळ्या खटाटोपावर चर उमटतो. म्हणून मी जूनची वाट पाहतो. दोन दमदार सरी पडून जातात, धारेश्वराच्या टेकडीमागचं आकाश धुऊन निघतं, लांबवर सिंहगड आणि त्याच्यावरचा टीव्हीचा मनोरा स्वच्छ दिसू लागतो, तेव्हा पोर्चची फरशी धुवायची, जाळीला ओली चादर बांधायची आणि कामाला बसायचं.

पण पावसाळी हवा बिडाला मानवत नाही. नुकताच मशिनिंग करून आणलेला ब्लॉक उघडा राहिला, तर एका रात्रीत त्याच्या चकचकीत भिंतींवर तांबूस छटा चढते. मग तेल फासून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तो झाकून ठेवायचा आणि एका वेळी लागेल तेवढाच उघडायचा. धूळ आणि गंज यांच्या मधला हा अरुंद काळ मला वर्षातला सगळ्यांत आवडता काळ वाटतो.

गाडी फियाट ११०० डिलाइट, साठच्या दशकाच्या अखेरची. मूळची वाईकडच्या एका डॉक्टरांची. ती कशी चालवली गेली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिलिंडरच्या भिंतींनी सांगितलं. हेड उतरवलं, बोअर पुसून काढले आणि डायल गेज आत सोडला. वर, मध्ये, खाली. आधी गाडीच्या लांबीच्या दिशेनं, मग आडव्या दिशेनं. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. सगळ्यांत वरची रिंग जिथून उलट फिरते तिथे तो जास्त खातो, कारण स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथे सर्वाधिक, आणि तेल सगळ्यांत कमी. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तिथे मूळ मापाची एक बारीक कडा शिल्लक राहते. नखानं चाचपली तर लागते. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसाचा बोअर आता फक्त त्या कडेवर उरलेला असतो. कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ज्या बाजूला रेटतो, त्या बाजूला झीज अधिक. म्हणून गोल भोक हळूहळू लंबगोल होत जातं.

या इंजिनाच्या चारही बोअरमध्ये वरची झीज फार होती, खालची अगदी कमी. लांब पल्ल्याच्या गाडीत इतका फरक सहसा दिसत नाही. थंड इंजिन चोक ओढून सुरू केलं की जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, आणि ते गरम होण्याआधीच बंद झालं की पुढच्या वेळी पुन्हा तेच. घरून दवाखाना, दवाखान्यातून कुणाच्या तरी दारी, तिथून परत, रात्री पुन्हा एकदा. कित्येक वर्षं हे इंजिन पुरतं तापायच्या आतच थांबत आलं असणार. त्या भिंतींवर बोट फिरवताना मला अपरात्री उघडलेली दारं आणि ओसरीवर धरलेले कंदील दिसत राहिले. ज्याला झीज म्हणून आपण मोजत होतो ती कुणाच्या तरी उपयोगी पडण्याची नोंद होती, आणि ती पुसून टाकायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

पुसून टाकायची सोयही मूळ आराखड्यातच होती. या इंजिनाबद्दल मला सगळ्यांत जास्त प्रेम वाटतं ते याच कारणानं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, चार सिलिंडर, एकूण १०८९ सीसी. पण ब्लॉक ओतणाऱ्यानं बोअरच्या भिंती गरजेपेक्षा जाड ठेवल्या आहेत, म्हणजे पहिली झीज झाली की कापून थोडा मोठा पिस्टन घालता यावा. तोही झिजला की आणखी मोठा. वीस थाउ, तीस थाउ, चाळीस थाउ. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ, हे आपल्या वर्कशॉपांतलं चलन अजून चालू आहे. तेही टप्पे संपले तर स्लीव्ह ठोकून पुन्हा अडुसष्टवर यायचं. क्रँकचंही तसंच, फक्त उलट. तिथे जर्नल घासून बारीक करायचं आणि तेवढं जाड बेअरिंग घालायचं. म्हणजे ज्यांनी हे इंजिन आखलं त्यांनी त्याचं म्हातारपण आधीच मोजून ठेवलं होतं आणि प्रत्येक म्हातारपणासाठी एक माप राखून ठेवलं होतं. गंमत अशी, की चाळीस थाउ बोअर मारला की हिशेबानं १०८९ ची ११२२ सीसी होते. वयाबरोबर इंजिन कणभर मोठंच होत जातं.

आजच्या पुष्कळ इंजिनांत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकच्या आत इतका पातळ थर असतो की तो झिजला की ब्लॉकच बदलायचा. ती इंजिनं ताकदवान आहेत, कमी पेट्रोल पितात, कमी धूर सोडतात, आणि त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण घरी, पोर्चमध्ये, दोन हातांनी पुन्हा उभं करता येईल असं इंजिन हवं असेल, तर झीज गृहीत धरून बनवलेलंच हवं.

आता याला स्पोर्ट्‌स कारचं इंजिन म्हणायचं का? म्हणतो मी, आणि पुराव्यानिशी म्हणतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे मुस्कट काढलेल्या त्या पहिल्या मॉडेलला लोकांनी डुक्कर फियाट म्हटलं आणि ते नाव पक्कं झालं. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. पत्रा बदलत गेला, आतला अडुसष्ट-पंच्याहत्तर तसाच राहिला. तो मुळात तुरीनचा, १९३७ मधल्या फियाट ५०८ सी या गाडीचा, आणि त्या गाडीमागे दांते जाकोझा हा इंजिनिअर होता.

एंझो फेरारी अल्फा रोमिओ सोडून बाहेर पडला तेव्हा चार वर्षं स्वतःच्या नावानं रेसिंग करायचं नाही अशी अट त्याच्यावर होती. त्यानं १९४० मध्ये स्वतःची पहिली गाडी बनवली ती ८१५ या नावानं. तिचं आठ सिलिंडरचं इंजिन या ११०० ची दोन इंजिनं एकापुढे एक मांडावीत अशा कल्पनेवर उभं होतं. ब्लॉक नवा, पण हेडं आणि आतले कितीतरी भाग फियाटचे. मिल्ये मील्या या शर्यतीत तशा दोन गाड्या उतरल्या, एकीवर एकवीस वर्षांचा आल्बेर्तो आस्कारी होता. दोन्ही शेवटपर्यंत पोचल्या नाहीत. युद्धानंतर जाकोझानंच चिसितालिया या कंपनीसाठी छोटी रेसिंग गाडी आखली, इंजिन हेच १०८९ सीसी. आणि १९४७ च्या मिल्ये मील्यात चौपन्न वर्षांचा ताझिओ नुव्होलारी चिसितालियाची उघडी गाडी घेऊन कितीतरी मोठ्या इंजिनांच्या पुढे निघाला होता. शेवटच्या टप्प्यात पाऊस कोसळला, इग्निशनमध्ये पाणी गेलं आणि तो दुसरा आला. चिसितालिया २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९५१ च्या प्रदर्शनात मांडली होती. पुढे ती त्यांच्या संग्रहातही गेली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आपल्याकडच्या लोकांनीही हेच इंजिन ट्यून करून पळवलं.

दादर स्टेशनबाहेर काळ्यापिवळ्या टॅक्सीत ट्रंक चढवणाऱ्या कोणाला हे ठाऊक असणार? आणि का असावं? पण ज्या भिंतीवर मी गेज लावतो तिचं, नुव्होलारीच्या गाडीचं आणि बोरीबंदरच्या टॅक्सीचं मूळ माप एकच आहे, हे मनात असलं की हात अधिक जपून चालतो.

घरी बांधतो म्हटलं तरी सगळं घरी होत नाही. बोअर मारणं, क्रँक घासणं, हेडचं फेसिंग, ही कामं मशीनची. त्यासाठी मी धायरीतच गारमाळच्या बाजूला जातो. इथे शेडमागून शेड आहेत. बहुतेकांत आता सीएनसी आणि व्हीएमसी आहेत. एकाच मापाचे हजार भाग रात्रंदिवस निघतात आणि ट्रे भरभरून भोसरी-चाकणकडे जातात. त्यांच्यात एक शेड जुन्या उभ्या बोअरिंग मशीनची आहे. चालवणारे मामा साठीच्या पुढचे. आयटीआय केलं, मोठ्या कारखान्यात टर्नर म्हणून उमेदवारी आणि मग नोकरी, आणि निवृत्तीनंतर हे मशीन. पुण्यात इंजिनं, फोर्जिंग आणि स्कूटर यांचे मोठे कारखाने झाले. त्यांनी नुसता माल बनवला नाही, हातही बनवले. त्यातले बरेच हात आता वडगाव, नऱ्हे, धायरीच्या गल्ल्यांत आहेत. हजार भागांच्या ऑर्डरला मशीन पुरतं. एकच ब्लॉक, त्यातले चार बोअर, चौघांची झीज वेगळी, अशा कामाला असा माणूस लागतो.

मामांनी ब्लॉक पाहिला, बोअरमधून तर्जनी फिरवली आणि विचारलं, “पिस्टन आणलेत?”

“माप सांगा, मग आणतो,” मी म्हणालो.

“चाळीस लागतील. पण आधी आणा. डब्यावरच्या मापावर मी बोअर मारत नाही. पिस्टन हातात आला की मोजणार, मग त्याच्यापुरता बोअर.”

आणि त्यांनी तसंच केलं. चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजले, प्रत्येकाच्या माथ्यावर खडूनं आकडा घातला आणि ज्याचा त्याला बोअर दिला. मशीनचं पातं आत उतरत होतं तेव्हा ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. बिडाची काळी भुकटी खाली झरत होती आणि तिच्यामागून भिंत मोकळी होत होती, स्वच्छ राखाडी. शेवटचा अंश होनिंगला ठेवला. होनचे दगड फिरत फिरत वर-खाली होतात, म्हणून भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटते. बोअर आरशासारखा गुळगुळीत असेल असं वाटतं. तसा तो असून चालत नाही. त्या रेघांत तेल धरून राहतं, आणि नव्या रिंगा त्याच रेघांवर घासून आपली बैठक जमवतात. मामांनी दिव्याखाली ब्लॉक तिरका करून ती जाळी मला दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी फार कमी लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

व्हॉल्व्ह मात्र मी घरीच बसवतो. आठ व्हॉल्व्ह, आठ सीटा. व्हॉल्व्हच्या तोंडाला कार्बोरंडमची पेस्ट लावायची, रबरी कपाची काठी चिकटवायची आणि दोन तळव्यांमध्ये ती काठी ताकातल्या रवीसारखी फिरवायची. थोडं फिरवून उचलायचं, पाव वळसा पुढे ठेवायचं, पुन्हा फिरवायचं. सुरुवातीला आवाज खरखरीत असतो, दगडावर दगड फिरावा असा. हळूहळू तो बारीक होतो, मग नुसती सळसळ उरते. तेव्हा जाड पेस्ट पुसून बारीक लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई केली तर हाताला कळण्याआधी कानाला कळतं. काम संपलं की व्हॉल्व्हवर आणि सीटवर एकसंध राखाडी कडं दिसतं, कुठेही न तुटलेलं. मग हेड उलटं करून पोकळीत पेट्रोल ओतायचं आणि वाट पाहायची. खाली ओल उतरली नाही की तो व्हॉल्व्ह झाला. बाहेर पाऊस पडत असतो, घरात कुणीतरी भजी तळत असतं, आणि मी एका राखाडी कड्याकडे बघत बसलेला असतो. ते तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

सुट्या भागांची कथा एवढी सुखाची नाही. नाना पेठेत पॅकिंग सेट आणि टायमिंग चेन मिळाली. जुन्या बाजारात, बुधवार-रविवारच्या त्या पसाऱ्यात, रॉकर शाफ्टचं ब्रॅकेट सापडलं. पण मापाच्या बेअरिंगांसाठी आणि पिस्टनसाठी मुंबईलाच हात पसरावा लागला. इतकी वर्षं हे भाग मिळत राहिले ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे मुळीच नव्हे. ते टॅक्सीवाल्यांमुळे. हजारो टॅक्स्या दिवसरात्र चालत, त्यांची इंजिनं ठरावीक काळानं उतरत, म्हणून कुणीतरी रिंगा बनवत होता, कुणीतरी बेअरिंग भरून ठेवत होता, कुर्ल्यात कुणीतरी क्रँक घासत होता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमानुसार वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली. बातम्यांत तिचे फोटो आले, लोक हळहळले. मला त्या दिवशी दुकानांतले रिकामे होत जाणारे खण दिसत होते. एखादी गाडी संग्रहालयात शंभर वर्षं टिकेल, पण तिचं माप जिवंत ठेवायला तिच्यावर पोट असणारी माणसं लागतात. टॅक्सीवाल्यांचं आपल्यावर हे ऋण आहे आणि ते कुणी बोलून दाखवलेलं मी ऐकलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मग बांधणी. क्रँक तीन मेन बेअरिंगांवर बसते. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून पाहायची. एक आवळल्यावर जड झाली तर तिथेच थांबायचं, पुढची आवळायची नाही. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजनं पाहायची. पाव मिलिमीटरच्या जरा पुढे. ती कमी असेल तर तापून फुगलेली रिंग भिंतीला धरते. चढवताना तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाबाला सरळ वाट सापडते. मग रिंग कॉम्प्रेसरचा पट्टा आवळून, हातोड्याच्या लाकडी दांड्यानं पिस्टन हलके हलके आत. चौथा पिस्टन आत गेला की एवढा वेळ सुटे भाग म्हणून पडलेलं सगळं पहिल्यांदा एकत्र हलतं. ४८०० फेऱ्यांना यातला प्रत्येक पिस्टन सेकंदाला १६० वेळा थांबून उलट फिरणार असतो. आत्ता तो माझ्या मनगटाच्या जोरावर, मधासारखा प्रतिकार करत, एक वळसा घेतो.

हेड बसवताना मला हमखास घाट आठवतात. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या लहानपणी खंबाटकीत किंवा खंडाळ्यात बॉनेट उघडून उभी असलेली एक फियाट आहे. रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं, हातात पाण्याचा डबा आणि वाफ निवायची वाट बघणारे मोठे लोक. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोघांना जखडून ठेवलेलं असतं ते फक्त नटांनी आणि मधल्या पॅकिंगनं. एकदा पाणी कमी पडलं, हेड बेसुमार तापलं की ते वाकडं होतं, आणि मग कितीही आवळा, पाणी तेलात येतंच. म्हणून सरळपट्टी ठेवून हेड पाहायचं, गरज असेल तेवढंच फेसिंग करायचं, आणि नट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंच लावून आवळायचे. कडेपासून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा अडकून राहतो.

सुरू करायच्या आधी चारही प्लग काढून ठेवले आणि स्टार्टरवर इंजिन नुसतं फिरवलं, तेल वरपर्यंत चढून दिवा विझेपर्यंत. मग प्लग, वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमानं, पाणी, पेट्रोल. मामा आले होते. त्यांनी डिस्ट्रिब्युटर हातात धरला आणि मला किल्ली फिरवायला सांगितलं. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं. मामांनी डिस्ट्रिब्युटर किंचित मागे, किंचित पुढे घेतला, आणि आवाजातली धडधड जाऊन चारही सिलिंडर एका स्वरात आले. शेजारच्या गच्चीवरून एका मुलानं टाळ्या वाजवल्या. त्याला ही गाडी कोणती हेही ठाऊक नसणार. त्याच्या जन्माआधीच ती बनायची थांबलेली.

नव्या रिंगांना बसायला काम लागतं. इंजिन जागेवर ताटकळत ठेवलं तर त्या बसत नाहीत, आणि पहिल्याच दिवशी पिटाळलं तर भिंत सोलवटते. थोडा चढ, थोडा उतार, कधी जोर, कधी सैल, असा रस्ता हवा. धायरीकरांना तो दाराशीच मिळाला आहे. पहाटे, गर्दी व्हायच्या आत, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. धरणाच्या कडेनं डोणज्यापर्यंत, मग खानापूरवरून पानशेतच्या वाटेला. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला हलकं दाबायचं म्हणजे दाबानं रिंगा भिंतीला टेकतात, उतारावर सोडायचं म्हणजे तेल वर ओढलं जातं. सिंहगडाचा घाट अजून नाही. मामांनी हजार किलोमीटरपर्यंत मनाई केली आहे आणि तेव्हा ते स्वतः बरोबर येणार आहेत.

पहिलं तेल गरम असतानाच काढलं आणि मलमलीतून गाळलं. अगदी बारीक चंदेरी चमक होती, रिंगांच्या बैठकीची. पितळी रंगाचा एकही कण नव्हता. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, हेडचे नट त्याच क्रमानं पुन्हा तपासले, टॅपेट पुन्हा लावले. आता दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना जो दात घासल्याचा आवाज येतो त्याच्याकडे बघायचं आहे. सिंक्रो रिंग गेली असणार. कुर्ल्याच्या एका दुकानदाराला फोन केलाय. एक जोडी शिल्लक असेल, शोधून सांगतो म्हणालाय.